गोल चौकटीबाहेरची ओळ

३ मार्च

दादा,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. त्यावर आईचं नाव होतं, फोडलं मी. आईने ते पाहिलेलं नाही आणि सध्या दाखवायचा माझा विचार नाही.

आत काय होतं ते तुला माहीत आहे. पडद्यावरून छापून घेतलेला तुझा चेहरा, त्याखाली बाबांच्या अक्षरातली ओळ, चारही कोपऱ्यांवर चिकटपट्टी ओरबाडल्याच्या खुणा. मागे तुझ्या हातचं एकच वाक्य: "हे काढून टाका." आईला तू जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतंस.

विचारलंस म्हणून उत्तर देते. काढता येत नाही.

कारण सांगते. आमच्या कंपनीने एक साधन बनवलं आहे. ते वापरून कुणालाही आपल्या चित्राचं किंवा फोटोचं टोकन करता येतं. टोकन म्हणजे त्या चित्राची मालकी कुणाकडे आहे हे सांगणारी नोंद. ती विकता येते, विकत घेता येते, लोक तशा नोंदी हौसेने जमवतात. ही नोंद एका कपाटात किंवा एका संगणकावर नसते. हजारो संगणकांवर एकसारखी लिहिलेली असते आणि एकदा लिहिली की कुणालाच खोडता येत नाही. आम्हालाही नाही. चित्राच्या प्रतीही तशाच जागोजागी पोचलेल्या असतात. आमच्या धंद्यात याला गुण समजतात.

तुझ्या चेहऱ्याचं टोकन गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आईच्या खात्यातून तयार झालं. एकूण एकेचाळीस झाली, तुझं त्यातलं पहिलं, आणि झाली तशी ती आपोआप आमच्या ऑनलाइन दुकानात विक्रीला लागली.

याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

धाकटी


१२ मार्च

दादा,

तुझं उत्तर मिळालं. "यंत्र कसं चालतं ते मी विचारलं नव्हतं. आईने असं का केलं?"

माझं मागचं पत्र मी पुन्हा डोळ्यांपुढे आणलं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी त्यातून तू जे वाचलंस ते मी तुला वाचू दिलं. आईच्या खात्यातून झालं हे लिहिलं आणि तिथे थांबले. मला कुठे थांबायचं ते चांगलं कळतं, पगार त्याचाच मिळतो.

तर आधी कार्डांबद्दल. तू गेल्यानंतरचं आहे, म्हणून तुला माहीत नसेल.

शेवटच्या वर्षात बाबा औषधांची खोकी उलगडून, पोलादी पट्टीने कापून, त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर चेहरे काढायचे. हात थरथरत नव्हता. तीस वर्षं नकाशे काढलेला हात, तो सगळ्यात शेवटी विसरला. ज्याचा चेहरा विसरायला होतोय असं वाटे त्याचं कार्ड बनवायचे आणि खाली नकाशावर लिहितात तशा सरळ अक्षरांत खूण लिहायचे. "बायको. गोळ्या हिच्याकडे." "समोरचा. बोलत बसतो, दार लोटून घ्यावे." माझ्या कार्डावर होतं: "मुलगी. संगणक. विचारल्यास सांगते." कार्ड झालं की माझ्या हातात द्यायचे आणि मी ते डब्यात ठेवायचे. आईने ती तेव्हा पाहिली नाहीत. तिला ती बघवत नसत.

तुझ्या कार्डावर काय होतं ते आता जगाला माहीत आहे. "चोर. चाव्या याच्याकडे. घरात घेऊ नये."

ते त्यांनी त्याच संध्याकाळी काढलं. तू नेहमीसारखा आपल्या चावीने दार उघडून आत आलास आणि ते ओरडले, ती संध्याकाळ. तुझी डावी भुवई जिथे तुटली आहे तिथे त्यांनी पेन्सिल बरोबर उचलली आहे. नाव आठवत नव्हतं, भुवई आठवत होती.

आता साधनाबद्दल. ते माझं आहे. कंपनीचं असं म्हणतात, पण त्यातली प्रत्येक पायरी मी आखली. मी आले तेव्हा टोकन करायला चौदा पायऱ्या होत्या. लोक पाचव्या पायरीवर कंटाळून निघून जात. मी त्या तीनवर आणल्या: चित्र निवडा, नाव द्या, घडवा. 'टोकन' हा शब्द काढून 'ठेवा' असा ठेवला, कारण त्याने साठीच्या पुढच्या माणसांना बरं वाटतं. चित्र मी गोल चौकटीत दाखवलं. चौकोनी चौकटीत माणसाला कागदपत्र दिसतं, गोल चौकटीत चेहरा दिसतो. शेवटी 'घडवा' दाबलं की पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळतात. ते किती वेळ उधळावेत यावर मी तीन आठवडे घालवले. एका सेकंदाला दहावा भाग कमी. त्याहून कमी झाले तर लोकांना काही घडल्यासारखं वाटत नाही, जास्त झाले तर ते विचार करू लागतात.

आधी शेवटून दुसऱ्या पायरीवर एक पान होतं. त्यावर पूर्ण चित्र दिसायचं, चौकोनी, आणि खाली लिहिलेलं असायचं: "हे एकदा झालं की परत काढता येणार नाही. नीट पाहून घ्या." त्या पानावर शंभरातले अडतीस जण मागे फिरायचे. ते पान मी काढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं, ते नाकारत नाही.

आईने असं का केलं याचं उत्तर या पत्रात नाही, हे मला दिसतंय.

धाकटी


२१ मार्च

दादा,

तू या वेळी थोडं जास्त लिहिलंस. गोदामाच्या जाळीच्या दारावर ते चित्र कुणीतरी चिकटवलं, तू काढलंस, दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं, या वेळी काळा चष्मा लावलेलं. सुट्या भागांचं एक खोकं मोजणीत कमी भरलं तेव्हा साहेब हसत म्हणाले, "बघा बुवा, तुमच्या घरच्यांनी लेखी दिलंय." आणि नंतर न हसता चाव्यांची एक जुडी परत मागितली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

शेवटी तू लिहिलंस: "आईला सांग, फोन करत जाऊ नकोस." हे मी तिला सांगितलेलं नाही.

ज्या गोष्टी माझ्या हातात होत्या त्या केल्या. क्रमाने सांगते.

पहिलं, प्रमुखाकडे गेले. आम्ही त्याला पॉलिश म्हणतो, त्याच्यासमोर नाही. त्याच्या खोलीत सगळं काचेचं आहे, टेबलसुद्धा, आणि त्या टेबलावर नेहमी कसलातरी चिकट डाग असतो. मी वही मांडीवर ठेवते.

"बस, बस. चेहरा का असा?"

"एक चित्र आपल्या दुकानातून काढायचंय. एकेचाळीसच्या संचातलं पहिलं."

"चोर?" तो मागे टेकला. "अगं, चोर आहे म्हणून तर संच आहे. बाकीचे चाळीस कोण विचारतं? लोक प्रोफाइलला लावतात त्याला. टोप्या शिवल्यात लोकांनी, टोप्या!"

"तो माझा भाऊ आहे."

त्याने हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला. मला वाटलं, पोचलं. मग त्याचे डोळे चमकले.

"थांब थांब. भाऊ? म्हणजे हा माणूस आहे? जिवंत?"

"हो."

"आणि तू हे आत्ता सांगतेस! अगं, आपण एवढे दिवस नुसतं चित्र विकत बसलो. मुलाखत देईल का तो? आजारी वडील, मुलाला ओळखलं नाही, चोर म्हणाले. लोक रडतील, बाई. ढसाढसा रडतील."

"देणार नाही."

"विचारून तर बघ. फार काही नको, पाच मिनिटं. वाटल्यास पाठमोरा बसवू."

मी उठले. टेबलाला मनगट लागलं होतं, ते चिकटलं.

बटणांवरचे शब्द लिहिणारी बाई काचेपलीकडे बसते, तिने सगळं ऐकलं असावं. नंतर बेसिनपाशी मी हात धूत होते तेव्हा ती शेजारच्या नळाशी आली.

"तू तेव्हाच सांगायचंस ना, ही चित्रं घेतली तेव्हा?"

"तेव्हा कुणी विचारलं नाही."

"तुला काय, प्रत्येक वेळी विचारायला लागतं का?"

तिने नळ बंद केला आणि गेली. ती एरवी माझ्याशी नीट बोलते.

दुसरं, मी तुझं कार्ड आमच्या दुकानातून स्वतःच झाकलं. तेवढा अधिकार माझ्याकडे होता. चाळीस मिनिटांनी ते परत दिसू लागलं आणि तो अधिकार माझ्याकडे राहिला नाही. तसाही फार उपयोग नव्हता. तेच टोकन दुसऱ्या चार बाजारांत दिसतं.

तिसरं, आता ते ज्याच्याकडे आहे त्याला लिहिलं. तो स्वतःला 'खिसेकापू' म्हणवतो. टोकन खोडता येत नाही, पण ज्याच्या मालकीचं आहे त्याला ते अशा पत्त्यावर पाठवता येतं जिथून ते कधीच हलणार नाही. याला आमच्याकडे जाळणं म्हणतात. चित्राच्या प्रती मग उरतातच, पण निदान खरेदी-विक्री थांबते आणि गर्दी दुसरीकडे वळते. मी लिहिलं की हा चेहरा जिवंत माणसाचा आहे, काढणारा आजारी होता, त्याला आपण काय लिहितोय ते कळत नव्हतं. कृपया जाळा.

त्याचं उत्तर जसंच्या तसं देते. "ताई, सांगितलंत ते बरं झालं, आता तर मुळीच जाळणार नाही. भावाला म्हणावं एक सही करून दे, दोघांचंही भलं होईल." पुढे हसण्याची सात चित्रं. मी मोजली.

घरी येऊन मी तोंड धुतलं, मग पुन्हा धुतलं. त्या माणसाची शिसारी आली असं लिहिणार होते. पण त्याने काय केलं? मी मांडून ठेवलेलं उचललं, एवढंच. तीन पायऱ्यांत. त्याला कुठेही अडचण येऊ नये याची काळजी मीच घेतली होती.

धाकटी


३० मार्च

दादा,

तुझं पत्र आलेलं नाही. मी वाट न पाहता लिहिते आहे, कारण काल एक गोष्ट झाली.

आई रोज सकाळी साडेनऊला तुला फोन लावते. भांडी आवरून, हात पुसून, खुर्ची खिडकीकडे वळवून. तू उचलत नाहीस. काल फोन खाली ठेवून ती म्हणाली, "रुसलाय बहुतेक."

"कशावरून?"

"मी त्याचं चित्र न विचारता लावलं ना. लाजरा आहे तो आधीपासून. शाळेच्या फोटोतसुद्धा मागच्या रांगेत जाऊन उभा राहायचा." मग जरा थांबून, "पण सगळ्यात पहिला लावलाय, हे त्याला कळलं तर बरं वाटेल नाही? तू कळव ना गं."

दादा, तिला ती ओळ माहीत नाही. तिने आजवर ती पाहिलेली नाही. तिच्या फोनवर ती चित्रं उघडतात ती गोल चौकटीतच. गोल चौकटीत तुझा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत येतो. ओळ हनुवटीच्या खाली आहे. ती सगळ्यांना फोन दाखवते, "हा माझा थोरला," म्हणून. लोकांना यांची चित्रं आवडतात, असं म्हणते. ज्यांना माहीत आहे ते हो म्हणतात आणि माझ्याकडे बघतात.

आता जे मागच्या तीन पत्रांत लिहिलं नाही ते.

नवं काही बनवलं की आम्ही चाचणी घेतो. बाहेरच्या माणसाला बसवायचं, साधन हातात द्यायचं आणि तो कुठे अडतो ते पाहायचं. कंपनीत याला 'आई-चाचणी' म्हणतात, आईला जमलं म्हणजे सगळ्यांना जमेल या हिशेबाने. बहुतेक जण कुणाच्यातरी आईला बोलावतात. मी माझी आणली. प्रत्येकाने आपली काहीतरी वस्तू आणायची होती. आई म्हणाली, यांची चित्रं घेऊ. मी डबा काढून एकेचाळीस कार्डांचे फोटो काढले. तुझं वगळायला हवं होतं. वगळलं असतं तर चाळीस राहिली असती, आणि मला अपुरा संच आवडत नाही. हे खरं कारण आहे. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

चाचणीचा एक नियम आहे. चाचणी घेणाऱ्याने उत्तर द्यायचं नसतं. समोरच्याने काहीही विचारलं तरी प्रश्न त्याच्याकडेच परतवायचा. नाहीतर साधन सोपं होतं की तुम्ही मदत केली ते समजत नाही. मी या नियमाची पक्की आहे. नव्या लोकांना मीच तो शिकवते.

चाचणीचं ध्वनिमुद्रण असतं. ते मी या आठवड्यात काढून ऐकलं. मिनिटं आणि सेकंद डावीकडे आहेत.

०६:१२ आई: अगं हा बघ, दादा! किती हुबेहूब काढलाय.

०६:१९ आई: याला पण घालू का गं?

०६:२४ मी: तुला काय वाटतं?

०६:३१ आई: मला काय वाटायचंय. यातलं तुला कळतं. त्याला चालेल ना?

०६:३८ मी: मी इथे नसते तर तू काय केलं असतंस?

०६:४३ आई: (हसते) तू नसतीस तर मी असल्या भानगडीत कशाला पडले असते?

०६:५० आई: घालते. पहिला त्यालाच घालते. थोरला आहे.

०६:५४ ('घडवा' दाबल्याचा आवाज.)

०६:५६ आई: अगंबाई! हे काय उधळलं!

०६:१९ आणि ०६:२४ यांच्यामध्ये पाच सेकंद आहेत. त्या पाच सेकंदांत ती ओळ मला तोंडपाठ होती. ते 'नीट पाहून घ्या'चं पान असतं तर पूर्ण चित्र तिच्यासमोर आलं असतं आणि तिने ती वाचली असती. ते मी चाचणीच्या तीन आठवडे आधी काढलं होतं. पान नव्हतं, पण मी होते. तिने दोनदा विचारलं.

त्या दिवशी मी अहवालात लिहिलं: "वापरकर्ती एका ठिकाणी थांबली, मदतीविना पुढे गेली. यशस्वी." ते वाक्य आता वाचलं की तोंडात कडू चव येते आणि पाणी प्यायलं तरी जात नाही.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते. त्या संध्याकाळी बाबा ओरडले, जिन्यात शेजारी जमले, तू हातात चावी घेऊन दारात उभा होतास आणि माझ्याकडे पाहिलंस. बाबांनी मला विचारलं, "हा कोण?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, रुग्णाशी वाद घालू नका, त्यांचं म्हणणं खोडू नका. मी खोडलं नाही. जिन्यातल्या लोकांनाही काही सांगितलं नाही. तेव्हाही मी नियमच पाळत होते.

आईने असं का केलं, असं तू विचारलं होतंस. आईने केलं नाही. तिने विचारलं होतं.

धाकटी


८ एप्रिल

दादा,

आईला सांगितलं.

रविवारी सकाळी, नऊच्या आधी, म्हणजे तिने फोनकडे जायच्या आधी. डबा टेबलावर ठेवला, तुझं कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं आणि चष्मा दिला. तिने आधी चेहरा पाहिला आणि हसली. मग डोळे खाली आले. तिने ती ओळ मोठ्याने वाचली, शाळेतल्यासारखी, एकेक शब्द तोडून. वाचून झाल्यावर पुन्हा वाचली. मग मी बाकीचं सांगितलं. गोदामाचं दार, चष्मा लावलेलं चित्र, चाव्यांची जुडी, तुझं पाकीट. पाकीट मी फोडलं हेही.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मी तुला विचारलं होतं ना गं," ती म्हणाली.

"हो."

"दोनदा विचारलं."

"हो."

"मग?"

मी तिला नियम सांगितला. खरंच सांगितला. साधन सोपं आहे की मदत झाली ते समजत नाही वगैरे. ती माझ्याकडे बघत होती. समोरच्या घरात कुणीतरी सतरंजी झटकत होतं, तो आवाज संपला तेव्हा तिने चष्मा काढून ठेवला.

"पोटची पोर समोर बसलीय म्हणून मी बेफिकीर होते," ती म्हणाली. "मला काय माहीत तू ऑफिसची होऊन बसलीयस."

त्या दिवसापासून ती मला काही विचारत नाही. फोनमधलं ते चित्र कसं काढायचं हे विचारायला ती तळमजल्यावरच्या शिवणवालीकडे गेली. तिला ते नीट जमत नाही, दोघी मिळून चुकीचं काहीतरी दाबतात, मला वरून ऐकू येतं. मी खाली जात नाही. गेले तर दोघी गप्प होतात.

मी कंपनी सोडली. त्यात मोठेपणा नाही, तुझ्या गोदामाच्या दारावर त्याने काही फरक पडत नाही. जाताना अहवालातली ओळ मात्र बदलली. आता तिथे आहे: "वापरकर्तीने दोनदा मदत मागितली. चाचणी घेणारीने दिली नाही. अयशस्वी." पॉलिशने ते वाचून विचारलं, "हे काय वैयक्तिक?" मी म्हटलं, "हो." ते काढून टाकलेलं पान पुन्हा लावावं असंही लिहून दिलं, कारणासकट. लावणार नाहीत. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, दार नेहमी उघडं आहे. त्याच्या हाताला काचेच्या टेबलाचा वास होता.

तुझ्या साहेबांच्या नावे एक वेगळं पत्र या पाकिटात आहे. त्यात चित्र कुणी काढलं, काढणाऱ्याला काय आजार होता, ते बाहेर कुणामुळे गेलं, हे माझ्या नावानिशी लिहिलं आहे आणि डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडली आहे. द्यायचं की नाही ते तू ठरव. चाचणीचं ध्वनिमुद्रणही पाठवते. ऐकलंस तर आईचा आवाज ०६:५० ला ऐक. पुढचं नाही ऐकलंस तरी चालेल.

आणि कार्ड. हे मूळ. खिसेकापू समजतो की मूळ त्याच्याकडे आहे, तसं माझ्या साधनानेच त्याला समजायला लावलं. मूळ खोक्याच्या पुठ्ठ्यावर आहे, मागे गोळ्या किती वेळा घ्यायच्या ते छापलंय.

ते तुला पाठवायचं आईने ठरवलं. पाठवायच्या आधी तिने टेबलाच्या खणातून बाबांची पेन्सिल काढली, टोक केलं आणि त्यांच्या ओळीखाली जी बोटभर जागा होती तिथे स्वतः लिहिलं. मी शेजारी उभी होते. काय लिहू, असं तिने मला विचारलं नाही. तिचं अक्षर वर चढत जातं, तुला माहीत आहे. बाबांचं तिने खोडलं नाही.

"थोरला. चाव्या याच्याकडेच असाव्यात. आला की घरात घेणे."

हे कुठल्या नोंदीत जाणार नाही, कुणाच्या टोपीवर छापलं जाणार नाही. पुसलं तर पुसलं जाईल, म्हणून मी वर पातळ कागद लावला आहे.

गेल्या एप्रिलमध्ये आईने मला जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी तिला काल दिलं. ती पोळपाट धूत होती, मागे वळली नाही, पण मी दिलं. नाही आई, याला नको घालूस. त्याला चालणार नाही. खाली काय लिहिलंय ते आधी वाच.

तू मला काही विचारलेलं नाहीस. तुला काय वाटतं ते मीही विचारत नाही. मला वाटतं ते सांगते. आईचा फोन घे. साडेनऊला येतो. माझा घेऊ नकोस हवं तर, मी समजेन.

तुझ्याकडे घराची चावी अजून असेल. कुलूप आम्ही बदललेलं नाही.

धाकटी